शिवणकामाच्या अभ्यासक्रमातून बीजगणित काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातील एका महाविद्यालयाला जोडून चालणाऱ्या, कौशल्याचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात मी गेल्या वर्षी वस्त्रनिर्मितीचा, म्हणजे कपडे बेतून शिवण्याचा, एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला. पहिल्या सत्रात आम्हाला ‘पायाभूत गणित’ हा विषय होता आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग साध्या बीजगणिताचा होता. येत्या जुलैपासून हा विषय बंद करून त्याच्या तासांना व्यक्तिमत्त्व विकास शिकवला जाणार असल्याचे आम्हा माजी विद्यार्थिनींना अलीकडेच कळले. चौकशी केली तेव्हा, ‘शिवणकामाला बीजगणित कशाला लागते,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर देणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ आहे, ते मी माझ्या कात्रीने आणि टेपने तपासून पाहिलेले आहे, आणि निर्णय पक्का होण्याआधी ते संबंधितांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वय ४७ आहे. दहावीची परीक्षा मी १९९४ मध्ये दिली आणि गणितात नापास झाले. ऑक्टोबरच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले खरी, पण शिकवणीच्या सरांनी दिलेली उदाहरणे आकड्यांसकट पाठ करून. त्यांतली काही पेपरात आली, एवढेच ते यश. पुढे कला शाखेतून बारावी केली, लग्न झाले, आणि नंदनवनातील घरी शिवणकाम सुरू केले त्याला आता २२ वर्षे झाली. या साऱ्या काळात ‘माझे गणित कच्चे आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले, की नाव-गाव सांगावे तसे ते तोंडून निघू लागले. मुलाच्या सहावीच्या पुस्तकात समीकरणे आली त्या संध्याकाळी मी त्याची वही न उघडताच त्याच्या वडिलांकडे सरकवली. त्यांनाही ते नीट येत नव्हते. मग त्याला शिकवणी लावली, आणि घरात गणित हा विषय बोलण्यातून जवळजवळ गेलाच.

कम्युनिटी कॉलेजातील पहिल्या तासाला शिक्षकांनी आमची २० प्रश्नांची चाचणी घेतली. गुण दिले नाहीत. प्रत्येकीच्या कागदावर, ती नेमकी कोणत्या पायरीवर अडली तेथे, पेन्सिलने एक लहान खूण करून कागद परत केले. वर्गात वस्त्रनिर्मितीच्या आम्ही बायका होतो आणि वीजजोडणीचे काम शिकणारी काही तरुण मुले होती, कारण हा विषय दोघांना मिळून होता. कागद पाहिल्यावर सर्वांच्याच लक्षात आले की आम्ही बीजगणितात अडलेलोच नव्हतो. तेथपर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते. कोणी अपूर्णांकांच्या भागाकारात अडले होते, कोणी ऋण संख्यांच्या वजाबाकीत. दहावीला ज्याला आम्ही बीजगणिताची भीती म्हणत होतो, ती पाचवी-सातवीत राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टींची भीती होती आणि आमच्या शाळेत कोणी मागे वळून तिचा शोध घेतला नव्हता. त्यामुळे पहिले दोन आठवडे फळ्यावर क्ष आला नाही. फक्त अपूर्णांक आणि ऋण संख्या. याचा कंटाळा आला असेल असे वाचकांना वाटेल, पण तसे झाले नाही. वयाच्या ४७व्या वर्षी तीन अष्टमांशाला तीन चतुर्थांशाने का आणि कसे भागायचे ते समजणे यात जो दिलासा आहे, तो ज्याने हा विषय दडवून आयुष्य काढले त्यालाच कळेल.

ऋण संख्यांचा एक तास मला शब्दशः आठवतो. ऋणातून ऋण वजा केले की बेरीज का होते, हे शिक्षक संख्यारेषेवर समजावून सांगत होते आणि आमच्या माना नुसत्याच हलत होत्या. हुडकेश्वर भागात किराणा दुकान सांभाळून वर्गाला येणारी एक मैत्रीण मध्येच म्हणाली, “सर, माह्या नावावरची उधारी वहीतून खोडली, म्हणजे मले पैसेच भेटले ना?” शिक्षक क्षणभर थांबले आणि त्यांनी संख्यारेषा पुसून फळ्यावर उधारीची वही काढली. आपल्या भाषेत ऋण या शब्दाचा अर्थच कर्ज आहे, आणि इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने बेरीज-वजाबाकीचे नियम सांगताना धन आणि ऋण हेच शब्द वापरले होते, हे त्यांनी त्या दिवशी सांगितले. शाळेत हे शब्द मी शेकडो वेळा वाचले होते. पण ज्या अर्थाने घरात वापरते त्याच अर्थाने ते पुस्तकात आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

समीकरणांचेही तसेच झाले. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हा नियम आम्हा सर्वांना पाठ होता आणि का बदलते हे एकालाही सांगता आले नाही. शिक्षकांनी तराजू काढला. एका पारड्यात क्ष आणि त्याच्याबरोबर ५ किलोचे वजन, दुसऱ्यात १२ किलो. दोन्ही पारड्यांतून ५ किलो उचलले तर काटा हलत नाही, आणि डाव्या बाजूला एकटा क्ष उरतो. काहीही पलीकडे जात नाही, दोन्हीकडून सारखेच काढले जाते; आपण मधली पायरी लिहायचे सोडून दिले म्हणून उडी मारल्यासारखे दिसते. हे सांगायला दहा मिनिटे लागली. मला ते कळायला मध्ये ३० वर्षे गेली, याचे वाईट वाटते आणि ते येथे लिहून ठेवावेसे वाटते.

आता शिवणकामाविषयी, कारण मूळ आक्षेप तेथे आहे. आम्ही कापड बेततो ते सूत्रांवरच. छातीच्या मापाचा चौथा भाग अधिक इतके इंच, सीटच्या मापाचा तिसरा भाग वजा इतके, असे आकडे आम्ही गुरूकडून ऐकून पाठ करतो. संपूर्ण गोल घेराचा, ज्याला गिऱ्हाइके अंब्रेला म्हणतात तो घागरा बेतताना कंबरेच्या मापाला ६ने भागायचे आणि तेवढ्या अंतरावर कंबरेची गोलाई काढायची. अर्ध्या घेराला ३ने भागायचे. बावीस वर्षे मी हेच केले. कंबर ३० इंच असली तर ५ इंचांवर खडूची रेघ. आणि बावीस वर्षे माझे गोल घागरे कंबरेत सैल होत आले. मी दोष कापडाला देत असे, कारण गोलाईचा काही भाग तिरका कापला जातो आणि तो ताणतो हेही खरेच आहे. मग चुण्या घालून किंवा नेफ्यात नाडी आवळून ते निभावून न्यायचे.

वर्गात वर्तुळाचा परीघ आला तेव्हा शिक्षकांनी अक्षरे आम्हालाच निवडू दिली. मी कंबरेसाठी क आणि त्रिज्येसाठी त्र लिहिले. क बरोबर २ गुणिले २२/७ गुणिले त्र. म्हणजे त्र काढायला क ला ४४/७ने, सुमारे ६.२८ने, भागायला हवे. ६ने भागले तर ३० इंचांच्या कंबरेला त्रिज्या ५ येते आणि ५ इंच त्रिज्येचा परीघ भरतो जवळजवळ साडेएकतीस इंच. दीड इंच सैलपणा माझ्या भागाकारातच होता. कापड ताणायच्या आधीच तो तेथे होता. त्या रात्री घरी येऊन मी ब्राऊन पेपरवर पावणेपाच इंचांची गोलाई कापली, तिच्या कडेने टेप उभा धरून फिरवला, आणि माप ३० इंचांच्या आतबाहेर अगदी दोरा-दोन दोऱ्यांच्या फरकाने आले. मला ६चा आकडा शिकवणाऱ्या बाईंवर माझा राग नाही. त्यांनाही तो कोणीतरी तसाच दिला होता, आणि तोंडी हिशेबाला ६ सोपा पडतो.

त्यानंतर महिनाभरात एका गिऱ्हाइकाने पाऊण घेराचा घागरा मागितला. पाऊण घेराला कितीने भागायचे हे मला कोणी शिकवले नव्हते. पूर्वी मी हे काम नाकारले असते किंवा अंदाजाने कापून कापड वाया घालवण्याचा धोका पत्करला असता. या वेळी मी हिशेबाच्या वहीत लिहिले: कंबरेचे माप म्हणजे पूर्ण परिघाचे तीन चतुर्थांश, म्हणून क बरोबर ३३/७ त्र, म्हणून त्र बरोबर ७क भागिले ३३. कंबर २८ इंच होती. त्रिज्या आली सहा इंचांना किंचित कमी. घागरा पहिल्याच ट्रायलला बसला. हे उदाहरण कोणत्याही पुस्तकात नव्हते, मला कोणी सोडवून दिले नव्हते. पाठ केलेले सूत्र आणि स्वतः मांडलेले सूत्र यांत काय फरक असतो, ते मला त्या कापडावर कळले.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या गणितज्ञांनी अज्ञात संख्यांना रंगांची नावे दिली होती. पहिली अज्ञात संख्या तेवढी यावत्-तावत्, म्हणजे जितकी-तितकी; पुढच्या कालक, नीलक, पीतक, म्हणजे काळी, निळी, पिवळी. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितातही हीच पद्धत आहे. हे ऐकले तेव्हा आम्हा शिवणकाम करणाऱ्या बायकांना आमचे रिळांचे डबेच आठवले, आणि दोन अज्ञात संख्यांची समीकरणे शिकताना आमच्यापैकी दोघींनी वहीत खरोखरच दोन रंगांच्या पेनांनी ती सोडवली.

बीजगणिताने दिलेली दुसरी गोष्ट पैशाची आहे. काही वर्षांपूर्वी मी पिको-फॉलची मशीन हप्त्यांवर घेतली होती. कर्ज १२,००० रुपये, मुदत १ वर्ष, व्याज १२ टक्के. वर्षाचे व्याज १,४४० धरून दरमहा १,१२० रुपयांचा हप्ता बांधला गेला. मला तो योग्य वाटला, कारण १२,००० वर १२ टक्के १,४४० होतात हे मलाही येत होते. अंकगणिती श्रेढी, म्हणजे सारख्या फरकाने चढत किंवा उतरत जाणाऱ्या संख्या, शिकलो तेव्हा मी ते जुने कार्ड शोधून काढले. मुद्दल दरमहा १,००० रुपयांनी फिटत होते. म्हणजे १२,००० रुपये माझ्याकडे फक्त पहिला महिनाभर होते, दुसऱ्या महिन्यात ११,०००, आणि शेवटच्या महिन्यात केवळ १,०००. महिन्याला १ टक्का या दराने शिलकी मुद्दलावर व्याज होते १२०, ११०, १०० असे उतरत उतरत १०. पहिली आणि शेवटची संख्या मिळून १३०, दुसरी आणि शेवटून दुसरी मिळूनही १३०, अशा सहा जोड्या. बेरीज ७८०. मी दिले होते १,४४०. दर १२ टक्के असे तोंडाने सांगितले गेले आणि प्रत्यक्षात तो शिलकी रकमेवर सुमारे २२ टक्के पडला. विक्रेत्याने कागदावर काही खोटे लिहिले नव्हते. ‘फ्लॅट’, म्हणजे फिटलेले मुद्दल न वजा करता पूर्ण रकमेवर व्याज, हा एक शब्द तेथे होता आणि त्याचा अर्थ विचारण्याइतके गणित माझ्याजवळ नव्हते. हे कोष्टक मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत मांडले तेव्हा ११ पैकी ६ जणींच्या घरात त्या वेळी असेच हप्ते चालू असल्याचे निघाले.

या विषयात सारेच आलबेल होते असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तास फार कमी होते; आलेख तर दोन दिवसांत उरकले गेले. छापील टिपणे इंग्रजीत होती, आणि ज्यांनी चल, सहगुणक, वर्गसमीकरण हे शब्द शाळेत ऐकले होते त्यांना तेच शब्द इंग्रजी वेषात ओळखता येत नव्हते. शिक्षक तासिका तत्त्वावर होते आणि त्यांचे मानधन सत्र संपल्यावरही अडकून होते. आमच्यातल्या चार जणी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या नाहीत. कदाचित या निकालामुळेही हा विषय काढण्याचा विचार झाला असेल. पण तास वाढवणे, टिपणे मराठीत करणे आणि शिक्षकाला वेळेवर पैसे देणे हे त्यावरचे उपाय आहेत. ते करून पाहण्याआधी विषयच बंद करणे म्हणजे बेतलेले माप चुकले म्हणून शिवणच सोडून देणे होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, तेव्हा अशा अभ्यासक्रमांत कौशल्याच्या भागाबरोबर सामान्य शिक्षणाचाही भाग असावा असे ठरवले होते. हा सामान्य शिक्षणाचा भाग कशाने भरायचा हे बरेचसे त्या त्या संस्थेच्या हाती असते. बोलण्या-चालण्याचे शिक्षण वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण माझ्या बोलण्यात आत्मविश्वास आला असेल तर तो गिऱ्हाइकासमोर हिशेब मांडता येऊ लागल्यामुळे आला आहे.

माझी भाची अमेरिकेत कॅलिफोर्नियात अशाच एका कम्युनिटी कॉलेजात शिकली. तेथे ही परंपरा जुनी आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय (कम्युनिटी कॉलेजांना तेथे तेव्हा हेच नाव होते) १९०१ मधले. तिच्याकडून कळलेली एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी अशी आहे. तेथे पूर्वी प्रवेशाच्या चाचणीत कमी पडलेल्यांना आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग त्यापुढचे बीजगणित अशा एकामागून एक वर्गांत बसवत, आणि या वर्गांचे गुण पुढे विद्यापीठाच्या पदवीसाठी धरले जात नसत. पुष्कळ जण त्या पायऱ्या चढतानाच थकून शिक्षण सोडत. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून विद्यार्थ्यांना शक्यतो थेट महाविद्यालयीन पातळीच्या गणितात प्रवेश द्यावा आणि जोडीला जादा मदत द्यावी, असा मार्ग धरला. यावरून बीजगणित नको असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेथे बीजगणित मुख्य शिक्षणाच्या दाराबाहेर ठेवले होते, ते आत आणून मदतीसह शिकवण्याचा तो प्रयत्न आहे. आमच्या अभ्यासक्रमात ते पहिल्याच सत्रात, कटिंगच्या तासांच्या बरोबरीने होते. म्हणजे जे तेथे कायदा करून आणावे लागले, ते आपल्याकडे या एका ठिकाणी आधीच होते आणि ते आता काढले जात आहे.

आपल्या राज्यात २०२४ मध्ये दहावीच्या गणित आणि विज्ञानासाठी ३५ऐवजी २० गुणांवरही मुलांना पुढे जाऊ देण्याच्या प्रस्तावावर बरीच चर्चा झाली. एका विषयापायी मुलांचे शिक्षण तुटू नये ही त्यामागची काळजी मला, स्वतः नापास झालेली असल्यामुळे, पूर्ण समजते आणि मान्यही आहे. मात्र २० गुण मिळवून पुढे गेलेल्या मुला-मुलीला पंचविशीत किंवा चाळिशीत ते गणित पुन्हा शिकावेसे वाटले तर तिने जायचे कोठे, हा प्रश्न त्या चर्चेत मला कोठे वाचायला मिळाला नाही. केंद्राच्या ‘उल्लास’ या प्रौढ शिक्षणाच्या कार्यक्रमात अक्षरओळख आणि संख्याज्ञान यांच्या पुढे जाऊन निरंतर शिक्षणाचाही घटक आहे. आपल्या शहरात विद्यापीठ १९२३ पासून आहे, कितीतरी महाविद्यालये आहेत आणि संध्याकाळी सहानंतर त्यांच्या बहुतेक खोल्यांना कुलूप असते. शहरातील महाविद्यालयांनी आणि कम्युनिटी कॉलेजांनी मिळून साध्या बीजगणिताचा एक संध्याकाळचा वर्ग कोणत्याही प्रौढ व्यक्तीसाठी खुला करावा. प्रवेशाला गुणपत्रिका मागू नये. पहिल्या दिवशी आमच्या शिक्षकांनी घेतली तशी बिनगुणांची चाचणी पुरे. शिकवणे मराठीत असावे, संज्ञा मराठी आणि इंग्रजी दोन्ही दिलेल्या असाव्यात, आणि अपूर्णांकांसाठी भरपूर वेळ राखून ठेवावा.

जेथे मी शिकले त्या संस्थेला माझी वेगळी विनंती आहे. जुलैला अजून अवकाश आहे. विषय काढण्याआधी आम्हा माजी विद्यार्थिनींना एक दिवस बोलवावे. मी ब्राऊन पेपर, टेप आणि ते जुने हप्त्याचे कार्ड घेऊन येईन. आमच्या बचत गटातील सात जणींनी वर सुचवलेल्या संध्याकाळच्या वर्गासाठी माझ्याकडे नावे दिली आहेत आणि ठरेल ती फी भरायची त्यांची तयारी आहे. वेळ तेवढी संध्याकाळी साडेसहानंतरची ठेवावी, कारण आमच्या भागात त्याआधी नळाला पाणी येते.

आपली नम्र,
एक वाचक, नंदनवन, नागपूर